उमाट्यांची गाडी तापत नाही

केशवराव उमाटे यांची गाडी तापत नसे. ती मधूनमधून विसावा घेई, एवढंच. वर्ध्याजवळच्या सेलूतल्या त्यांच्या कॉलनीत हा बारीक फरक कुणाला म्हणजे कुणालाच कळत नव्हता, आणि केशवरावांना त्याचं मनापासून वाईट वाटे. ज्या माणसानं पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी ‘कालव्यात पाणी सोडण्यात येत आहे’ आणि ‘कालव्याचे पाणी बंद करण्यात येत आहे’ ही दोन वाक्यं आलटूनपालटून लिहिण्यात घालवली, त्याच्या गाडीला पाणी पुरत नाही असं लोकांनी म्हणावं! पाण्याबद्दल आपल्याला कुणी शिकवू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती. तेवढी एक सोडून कॉलनीनं त्यांची बाकी सगळी काळजी घेतली.

गाडी निवृत्तीनंतर घेतलेली, दुसऱ्याच्या हातची, पारव्याच्या रंगाची. पुण्याला असलेला मुलगा निशांत “बाबा, नवी घ्या, हप्ते मी भरतो” म्हणत होता. पण केशवरावांना गाडी मिरवायची नव्हती, पळवायचीही नव्हती. त्यांना ती थांबवायची होती. मीराबाईंचं माहेर समुद्रपूरच्या पलीकडे, आणि त्या वाटेवर रस्त्याला लागूनच एक तलाव आहे. लग्न झालं त्या वर्षी मीराबाईंनी तो एस.टी.च्या खिडकीतून पाहिला, तेव्हा सगळ्या तलावभर कमळं होती. “इथं उतरता आलं असतं तं किती बरं झालं असतं जी,” त्या म्हणाल्या. केशवराव तेव्हा नवे नवरे आणि नवे कारकून, दोन्हीकडून कडक. “एस.टी. का आपल्यासाठी थांबते?” असं त्यांनी विचारलं, आणि विषय संपला. मीराबाई पुन्हा कधी काही बोलल्या नाहीत. मात्र दर खेपेला तलाव आला की त्या बोलता बोलता गप्प होत आणि मागे जाणाऱ्या पाण्याकडे मान वळवून पाहत राहत. केशवराव शेजारी बसून तिकिटाची घडी घालत. निवृत्तीच्या समारंभात साहेब भाषण करत होते तेव्हा केशवरावांच्या डोळ्यांपुढे ती खिडकीतली वळलेली मान होती. आपली गाडी घ्यायची, हिला त्या तलावाशी न्यायचं आणि हिनं म्हणायच्या आत थांबायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं. मीराबाईंना सांगितलं मात्र नाही. असल्या गोष्टी बायकोला कोणत्या शब्दांत सांगतात, हे त्यांना खात्यात कुणी शिकवलं नव्हतं.

मार्च लागला आणि त्यांनी घरचा कूलर काढला. आमच्याकडे हा घरच्या कर्त्या पुरुषाचा सण असतो. जुनी ताटी फेकायची, टाकीतले क्षार खरवडायचे, मोटरीला तेल द्यायचं, नवा वाळा बसवायचा. वाळा जरासा उरला. केशवरावांनी तो भिजवून नाकाशी नेला, डोळे मिटले, डोळे उघडले, तर समोर गाडी. मग त्यांना जे सुचलं ते सुचायला माणूस वर्ध्याकडच्या उन्हातच वाढलेला असावा लागतो. त्यांनी मीराबाईंच्या कात्रीनं वाळा मापात कापला, गाडीच्या तोंडाशी जाळी असते तिच्या आतल्या बाजूनं सुतळीनं गच्च बांधला, आणि रोज सकाळी त्याच्यावर लोटाभर पाणी मारायला सुरुवात केली. गाडी धावणार, वारा ओल्या वाळ्यातून आत येणार, गारवा होणार. यात चूक कुठे आहे हे त्यांना तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्यांनी त्या माणसाला कूलरसमोर नेऊन बसवलं असतं.

पहिल्याच फेरीत मीराबाईंनी डोळे मिटून घेतले. “हा कशाचा वास येऊन राह्यला जी? आमच्या आईच्या माठातल्या पान्यासारखा.”

“असाच,” केशवराव म्हणाले. “गाडीचा आहे.”

त्यानंतर त्या दोघांचं गाडीतलं बोलणं कमी झालं. गाडी निघाली की वास यायचा, वास आला की मीराबाई माहेरच्या ओट्यावर जाऊन बसायच्या आणि केशवराव बायकोचा चेहरा पाहत मधल्या गिअरमध्येच मैलोगणती जायचे. बाहेर उन्हानं शेतं पांढरी पडलेली, पळस झडलेले, आणि आत मात्र नुकताच सडा घातल्यासारखं. त्यामुळे पुढे जे जे घडलं त्यात वाळ्याचा त्यांना कधीच संशय आला नाही. साऱ्या गाडीत थंडावा देणारी ती एकच तर वस्तू होती.

पहिला विसावा केळझरच्या रस्त्यावर झाला. चतुर्थी होती, दोघं गणपतीला निघाले होते. मंदिर थोडं दूर राहिलं आणि इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा लाल रेघेवर जाऊन टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. तिला इतका सुरेख वाळ्याचा वास होता की घाबरायचं विसरून दोघं जरा वेळ हुंगत बसले. अशा वेळी येऊ नये तोच माणूस स्कूटरवर मागून आला. अण्णाजी त्यांचे सख्खे शेजारी. जगातल्या कुठल्याही बंद पडलेल्या वस्तूवर त्यांचा जीव जडायचा.

“तापली का केशवराव?”

“छे छे,” केशवराव नारळ हातात घेऊन खाली उतरले. “नवस आहे. इथून पुढं पायी जाचं आहे.”

अण्णाजींनी तिथेच स्कूटरवर बसल्या बसल्या हात जोडले. संध्याकाळपर्यंत नवस कॉलनीभर झाला. पुढच्या चतुर्थीला अण्णाजींच्या पत्नी प्रमिलाबाई कुंकवाचं ताट घेऊन गाडीपाशी हजर राहिल्या, कॉलनीतल्या चार बायकाही सोबत चालायला निघाल्या, आणि केशवरावांना धडधाकट गाडी घरी ठेवून भर उन्हात पायी जावं लागलं. गणपतीपुढे त्यांनी आधी खोट्या नवसाची क्षमा मागितली. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, जमलं तर रेडिएटरचंही बघ, असं हळूच सांगितलं.

देव कामात असावा, म्हणून ते कैलासकडे गेले. कैलासचं गॅरेज बसस्टँडच्या मागे. माणूस चांगला, हात चांगला, पण त्याला खोलण्याचं वेड होतं. दुरुस्त करणं हे त्याला खोलण्यानंतरचं कंटाळवाणं काम वाटे. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाकडे प्रेमानं पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, इंजिनाचं हेड खोला लागते.”

“काऊन?”

“आता खोलल्याशिवाय कसं समजन, काऊन ते?”

केशवरावांना आपल्या निवृत्तीची पुंजी त्या हेडमधून वाफेच्या रूपानं जाताना दिसली. बराच वेळ घासाघीस झाल्यावर कैलास एक पायरी खाली उतरला. “मंग असं करू. आतमधला पानी अडवनारा व्हॉल्व काढून ठेवू. पानी मोकळं फिरन.” हे मात्र केशवरावांना पटलं. गेट उघडं ठेवलं की पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचतं, यावर त्यांनी स्वतः कितीतरी टिपणं लिहिली होती. जाता जाता कैलास गाडीच्या तोंडाशी वाकला. धुळीनं काळ्या पडलेल्या वाळ्यावर त्यानं बोटानं टकटक केली. “हे कंपनीचं दिसते,” तो आदरानं म्हणाला. “याले आपन हात नाई लावत.”

मग मीराबाईंच्या भावानं बोलावलं. शेतात आंब्याखाली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण होतं. केशवरावांनी आदल्या दिवशी वाळ्याचा आणखी एक थर बांधला, कारण प्रवास लांबचा होता. मीराबाई पोपटी लुगडं नेसल्या. केशवरावांनी दाढी दोनदा केली, आणि तलाव आल्यावर चेहरा कसा ठेवायचा याचा आरशात सराव केला. तलाव अजून बराच पुढे होता तेव्हाच गाडीनं कपाशीची वाळली पऱ्हाटी उभ्या असलेल्या एका शेताशी विसावा घेतला.

विम्यासोबत रस्त्यावरच्या मदतीचा एक नंबर मिळालेला होता. केशवरावांनी तो लावला. पलीकडची मुलगी फार गोड हिंदी बोलत होती. गाडी कुठे आहे, असं तिनं विचारलं.

“समुद्रपूर के रस्ते पर.”

“ओके सर. तो आप समुंदर के पास हैं?”

“नहीं मॅडम. समुद्रपूर में समुंदर नहीं है.”

मुलीनं पलीकडे काहीतरी टाइप केलं. “सर, कितनी दूर है समुंदर?”

केशवरावांनी तिला वर्धा जिल्ह्याचा भूगोल समजावून सांगितला. त्यात धरणं आली, कालवे आले, खात्याचा थोडा इतिहासही आला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तक्रार नोंदवली. थोड्या वेळानं मदतीची गाडी रत्नागिरीहून निघाल्याचा संदेश मोबाइलवर आला.

मीराबाई कडुनिंबाखाली पदर तोंडावर धरून हसत होत्या. हसता हसता त्या थांबल्या आणि वर पाहू लागल्या. निंबात वारा भरला होता आणि तो मोठा होत होता, ओसरत होता. “खरंच समुद्र असता तं जी?” त्या म्हणाल्या. “असाच आवाज येत असन ना?” केशवराव त्यांच्याजवळ बसले. नवरा-बायकोनं समुद्र कधी पाहिला नव्हता. दोघं डोळे मिटून ऐकत राहिले आणि गाडी हळूहळू निवत राहिली. बाजूच्या वाडीत भेंडी तोडणाऱ्या कुंताबाईंनी शेवटी बादलीभर पाणी आणून दिलं. “बैल दमला तं आमी त्याले मोकळ्या हवेत बांधतो,” त्या म्हणाल्या. “तुमी याचं तोंड काऊन बांधून ठेवलं?” बाई शेतकरी, तिला गाडीतलं काय कळणार, असं मनात म्हणून केशवरावांनी तिचे आभार मानले आणि गाडी घराकडे वळवली.

आता अण्णाजींनी प्रकरण हाती घेतलं. “कूलरच्या टाकीले क्षार बसते का नाई? तसे आतमंधी बसले असन. चिंचेचं पानी टाका, तांब्यासारखं लखलखन.” प्रमिलाबाईंनी गेल्या वर्षीची चिंच दिली. ती रात्रभर भिजवली, गाळली, रेडिएटरमध्ये ओतली आणि गाडी चालू केली. कॉलनीच्या फाटकापर्यंत ती गेली. तिथे तिनं तपकिरी फेस काढला आणि ती सगळ्यांच्या देखत विसावली. वाळा आणि चिंच यांचा मिळून असा काही वास सुटला की दोघीतिघींनी आज कुणाकडे सार केलं आहे, अशी चौकशी केली. तेवढ्यात निशांतचा व्हिडिओ कॉल आला. त्याला पडद्यावर वडील दिसले नाहीत, वाफ दिसली. “बाबा, विका ना ती,” तो कळवळून म्हणाला.

“पोरगा बराबर बोलून राह्यला,” अण्णाजी म्हणाले. “माझ्या साडभावाले असं खटारं पाह्यजेच आहे.”

खटारं! केशवरावांच्या कानशिलात रक्त चढलं. “ऐका अण्णाजी,” ते गरजले. “तुमच्यासमोर शब्द देतो. पुन्हा एकदा जरी तापली, तं त्याच दिवशी विकून टाकीन!”

घरी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ‘पुन्हा’ म्हणून आपण आजवरचे सगळे विसावे चारचौघांत कबूल करून बसलो. पण त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. गाडी गेली की पुन्हा एस.टी., पुन्हा खिडकी, आणि पुन्हा ती वळलेली मान. ते पोर्चमध्ये गाडीत जाऊन बसले. हात स्टिअरिंगवर, गाडी बंद. मनातल्या मनात समुद्रपूरचा रस्ता धरून ते तलावापर्यंत गेले आणि गाडी अलगद थांबवली. मनातली गाडी मुळीच तापत नव्हती.

त्यांना भानावर आणलं ते मीराबाईंनी. त्या चहाचा कप धरून गाडीसमोर उभ्या होत्या. “अहो, जरा बाहेर या जी. चिमनी गाडीच्या नाकातून गवत काढून राह्यली.”

खरंच. एक चिमणी जाळीवर बसून आतला धागा ओढत होती, ओढून झाला की मीटरच्या पेटीमागे जाऊन खोपा विणत होती. मीराबाईंनी कप ठेवला, जाळीत दोन बोटं घातली आणि ओढलं. आधी चिमूटभर आलं, मग मूठभर, आणि मग सुतळीसकट अर्धा कूलर बाहेर आला.

“तो थंडाव्यासाठी आहे,” केशवराव खालच्या आवाजात म्हणाले.

मीराबाईंनी कूलरकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “कूलर लावला का समोरची खिडकी उघडी ठेवत जा, वारा जाले जागा पाह्यजे, हे दरवर्षी मले कोन सांगते?”

“मी.”

“मंग याच्या इंजिनले वारा लागत नसन काय? भर उन्हाळ्यात रजई पांघरली तुमी त्याले. आन वरून दुसरी.”

केशवरावांना कुंताबाईंची आठवण झाली. कैलासचं ‘कंपनीचं’ आठवलं. जितकी गाडी तापेल तितकं आपण वाळ्यावर पाणी वाढवत गेलो आणि तो फुगून आणखी घट्ट बसत गेला, हे आठवलं. त्यांना हसूही येईना आणि रडूही.

“पन लावला कायले?” मीराबाईंनी विचारलं.

“आधी सहज लावला. मंग तुले वास आवडला.” ते बुटाच्या टोकाकडे पाहत होते. “तुले तुझ्या आईचा माठ आठवला म्हनून तसाच राहू दिला.”

वाळा त्यांच्या ओच्यात पडला होता. त्यातली एक स्वच्छ काडी निवडून त्यांनी ती चिमणीसाठी जाळीवर ठेवली. “सांगाचं ना मंग,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नळ आले तेव्हा दोघांनी मिळून गाडीचं नाक साफ केलं. रेडिएटरच्या बारीक पात्यांमध्ये अडकलेले धागे मीराबाईंनी केसांच्या आकड्यानं हलक्या हातानं उपसले, केशवरावांनी कूलरच्या ब्रशानं माती झाडली आणि बारीक धारेनं पाणी मारलं. मग कैलासनं चिंच धुऊन काढली, काढलेला व्हॉल्व पुन्हा बसवला, पाइपाची एक सैल क्लिप बदलली आणि साध्या पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरलं. हेड खोलायचं राहिलं म्हणून तो दिवसभर उदास होता. एकूण खर्च इतका किरकोळ आला की अण्णाजींना तो सांगायची केशवरावांना लाज वाटली. ‘पार्ट बाहेरून मागवला’ असं ते मोघम म्हणाले.

मीराबाईंच्या भावाला आता पुन्हा निमित्त काढावं लागलं नाही. बहिणीनंच सांगितलं, आम्ही येतो. सकाळी ऊन चढायच्या आत दोघं निघाले. चांगला धुतलेला मूठभर वाळा मीराबाईंनी पाण्याच्या बाटलीत टाकला होता.

गाडी अशी चालली की काय सांगावं! काटा बरोबर मध्ये जाऊन बसला आणि तिथून हलेना. केशवराव त्याच्याकडे पाहत राहिले. चढ आला तरी काटा मध्येच. ट्रकमागे रेंगाळावं लागलं तरी मध्येच. रस्त्याकडे एक नजर, काट्याकडे दोन, असं त्यांचं चाललं होतं. सबंध नोकरीत कालव्याची पातळी त्यांच्यासमोर इतकी शहाण्यासारखी कधी वागली नव्हती.

“तलाव आला,” मीराबाई म्हणाल्या.

“हो. काटा पाह्यजो जरा, हलून नाई राह्यला.”

काटा पाहता पाहता गाडी तशीच पुढे गेली. केशवरावांनी कौतुकानं बायकोकडे पाहिलं, तर तिची मान खिडकीत वळलेली होती. मागे, काचेबाहेर, पाण्याची शेवटची चकाकी झाडांआड जात होती. एस.टी.चा ड्रायव्हर तरी परका होता. केशवरावांनी गाडी बाजूला घेतली, वळवली आणि परत तलावाशी आणली. चिंचेच्या सावलीत इंजिन बंद केलं. सराव केलेला चेहरा काही केल्या आठवेना.

“काऊन थांबलो जी?” मीराबाईंनी विचारलं. विचारताना त्यांचा हात दारावर गेला होता.

पाणी आटून मध्याशी गेलं होतं, पण तिथे कमळं होती. दोघं काठावर बसले. बाटलीतलं वाळ्याचं पाणी आळीपाळीनं प्यायले. एक पाणकोंबडी पानांवरून चालत इकडून तिकडे गेली आणि मीराबाईंनी ती जाईपर्यंत श्वास धरून ठेवला. इतकी वर्षं खिडकीतून जे क्षणभर दिसायचं ते आज जागचं हलत नव्हतं. आयुष्यात यापुढे काही करायचं राहिलं नाही असं केशवरावांना वाटत असतानाच मागे स्कूटर थांबली.

अण्णाजी आणि प्रमिलाबाई समुद्रपूरला लग्नाला निघाले होते. अण्णाजींच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला होता. “तापली! म्या म्हनलं होतं ना, तापन!”

केशवराव ताडकन उठले. किल्ली खिशात होती. एकदा फिरवली की काटा साऱ्या कॉलनीच्या वतीनं अण्णाजींना उत्तर देणार होता.

“आन नसन तापली,” प्रमिलाबाई म्हणाल्या, “तं चला, संगच जाऊ. पुढं च्या घेऊ. मंग इथं उन्हात बसून करता काय?”

केशवरावांनी मागे पाहिलं. मीराबाई उठल्या नव्हत्या. पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि हातातली बाटली त्यांनी घट्ट धरली होती. केशवरावांचा हात खिशातच राहिला.

“तापली अण्णाजी,” ते म्हणाले. “भलतीच तापली.”

“दिलेला शब्द ध्यानात आहे ना?”

“आहे. पाठवा साडभावाले, पाहून घेऊ. तुमी व्हा पुढं, लगन हुकन.” आणि अण्णाजींची खात्री पटावी म्हणून त्यांनी जाऊन बॉनेट उघडून ठेवलं.

स्कूटर दिसेनाशी झाली. उघड्या बॉनेटखाली इंजिन गप्प आणि निवांत होतं, वाफेचा एक धागा नव्हता. केशवराव येऊन बायकोच्या शेजारी, आधीपेक्षा जरा जवळ बसले.

“लय तापली काय जी?” मीराबाईंनी पाण्यावरची नजर न काढता विचारलं.

“लय,” केशवराव म्हणाले. “दुपारपर्यंत तं काही निवत नाई.”